असईची लढाई टेबलावर: गटात खेळण्यासाठी पहिल्यापासून शेवटपर्यंतची तयारी

२३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या दोन लहान नद्यांच्या मधल्या पट्टीत दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजेला इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीने गाठलं. हाच वेलस्ली पुढे वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि वॉटर्लू जिंकला, तरी आयुष्यातली सगळ्यात चांगली लढाई म्हणून तो असईचंच नाव घ्यायचा असं सांगितलं जातं. ते असई आपल्या जालना जिल्ह्यात, भोकरदनच्या भागात आहे. जगभरचे वॉरगेम खेळणारे ही लढाई टेबलावर मांडतात आणि ज्यांच्या शिवारात ती झाली त्या आपल्या मराठवाड्यात ती फारशी कुणी मांडत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. म्हणून हा लेख. संभाजीनगर, जालना, परभणी, लातूर, कुठेही चार-सहा जणांचा गट जमला तर एका रविवारात ही लढाई कशी खेळता येईल ते सगळं इथे सांगतो.

ज्यांनी हा खेळ पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मोठ्या टेबलावर मैदान उभारायचं, त्यावर रंगवलेल्या छोट्या सैनिकांच्या पलटणी मांडायच्या. टेपने इंच मोजून त्या हलवायच्या आणि गोळीबाराचा किंवा हातघाईचा निकाल फाशांवर ठरवायचा. एक बाजू खेळली की दुसरी, अशा फेऱ्या चालतात. वाद झाला तर पंच निकाल देतो. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून राइस्वित्झ यांनी बसवलेला असाच खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरला जायचा, आणि त्यातही पंचाला फार मान होता.

माझं ठाम मत आहे की या खेळाचा जीव निर्णयात असतो. सेनापतीला त्या दिवशी जेवढं दिसत होतं तेवढंच खेळाडूला दिसलं पाहिजे आणि त्याला जी अडचण आली तीच खेळाडूलाही आली पाहिजे. सैनिक कितीही सुंदर रंगवलेले असोत, हे साधलं नाही तर दोन तासांनी सगळे कंटाळतात. खालची प्रत्येक गोष्ट याच एका कसोटीवर निवडलेली आहे.

आधी लढाई समजून घ्या

दोन दिवस आधी, २१ तारखेला, बदनापूरला वेलस्ली आणि दुसऱ्या इंग्रजी फौजेचा कर्नल स्टीव्हन्सन यांनी ठरवलं की दोन वाटांनी जायचं आणि २४ला एकत्र हल्ला करायचा. पण २३लाच वेलस्लीसमोर मराठ्यांची सगळी छावणी आली. स्टीव्हन्सन लांब होता. थांबावं की एकट्याने भिडावं, हा पहिला निर्णय. तो भिडला.

मराठी फौज केळणेच्या उत्तर तीरावर, दक्षिणेकडे तोंड करून उभी होती. समोरून नदी ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. वाटाड्यांनी सांगितलं की जवळपास दुसरा उतार नाही. पूर्वेकडे मात्र वेलस्लीला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूर. दोन गावं अशी समोरासमोर असतील तर मधून येण्याजाण्याची वाट असणारच, असा त्याने अंदाज बांधला आणि तो खरा ठरला. तिथून तो दोन नद्यांच्या बेचक्यात शिरला आणि मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आला.

इथे मराठ्यांच्या कवायती पलटणींनी जे केलं त्याचं कौतुक आपल्याकडे पुरेसं होत नाही. हॅनोव्हरचा अँथनी पोहलमन त्यांचा सेनानी होता. शत्रू बगलेवर येतोय हे कळताच त्याने पूर्ण ओळ काटकोनात वळवून पूर्वेकडे तोंड करून उभी केली. उजवं टोक केळणेला, डावं टोक असई गावाला, आणि पुढे तोफांची रांग. इतक्या सफाईने ही फौज वळेल असं वेलस्लीला वाटलं नव्हतं. त्याच्या थोड्याशा तोफा ओढणारे बैल पहिल्या माऱ्यात पडले. तोफा मागे टाकून नुसत्या संगिनींच्या बळावर पुढे जाण्यावाचून त्याला गत्यंतर उरलं नाही.

संख्या लक्षात ठेवा, कारण खेळाचा तोल त्यावर आहे. इंग्रजांकडे मैदानात उतरलेले लोक साधारण साडेचार हजार. मराठ्यांकडे कवायती पायदळ दहा-अकरा हजार, तीन कंपूंत (कंपू म्हणजे अनेक पलटणींचा गट): पोहलमनचा मोठा, बेगम समरूचा सालूरच्या हाताखाली, आणि द्युपाँचा. तोफा शंभराच्या घरात. घोडदळ हजारोंनी, पण ते लढाईत फारसं उतरलंच नाही. इंग्रजांचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले. लढलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त माणूस पडला. जिंकूनही एवढी किंमत मोजावी लागली, हे तोफखान्याचं काम.

टेबल आणि मोजमाप

प्लायवूडची किंवा एमडीएफची शीट ८ बाय ४ फुटांची मिळते. दुकानातच ती ६ बाय ४ कापून घ्या. उरलेला २ बाय ४चा तुकडा टाकू नका, बाद झालेल्या पलटणी, फासे, टेप आणि नियमांचे कागद ठेवायला तो लागतो. शाळेत किंवा क्रीडा मंडळात टेबल टेनिसचं टेबल असेल तर आणखी सोपं: ते ९ बाय ५ फुटांचं असतं, त्यावर चिकटपट्टीने ६ बाय ४ची चौकट आखायची. चहाचे कप त्या चौकटीबाहेर, किंबहुना दुसऱ्याच टेबलावर.

आता प्रमाण. दोन नद्यांमधली पट्टी सुमारे मैलभर रुंद होती. टेबलाची ४ फूट बाजू म्हणजे हा मैल धरला तर एक इंच म्हणजे साधारण ३५ मीटर. एवढं एकदा ठरलं की बाकीचे आकडे आपोआप पडतात. दोन रांगांत उभी असलेली पाचशे जणांची पलटण सुमारे १४० मीटर पसरते, म्हणजे टेबलावर ४ इंच. बंदुकीचा परिणामकारक पल्ला शंभर मीटर, म्हणजे ३ इंच. तोफेचा छर्रा २८० मीटरपर्यंत, म्हणजे ८ इंच. भरीव गोळा ८४० मीटरपर्यंत, म्हणजे २४ इंच. आता हे पाहा: ४ फुटांतून दोन्ही नद्यांचे तीन-तीन इंच वजा केले की ४२ इंच उरतात, आणि त्यात ४ इंचांच्या दहा पलटणी शेजारी शेजारी बरोबर बसतात. पोहलमनची ओळ नदीपासून गावापर्यंत कशी पोचली असेल ते टेप लावल्यावरच कळतं. नुसतं वाचून ते मला कधी इतकं स्पष्ट झालं नव्हतं.

मैदान उभारणं

मैदानासाठी दुकानातून महागडी चटई आणायची गरज नाही. लग्नाचा नाहीतर निवडणुकीचा जुना फ्लेक्स घ्या, पाठची पांढरी बाजू वर करा. भिंतीच्या इमल्शन रंगात थोडं फेविकॉल आणि चाळलेली काळी माती मिसळून त्याचा एक हात द्या. माती आधी तव्यावर भाजून घ्या, नाहीतर ओलीमुळे बुरशी येते. वाळल्यावर कोरड्या ब्रशने फिकट मातकट रंग वरवर ओढला की आपलं भोकरदन-जाफराबादकडचं रान तयार होतं. फ्लेक्स गुंडाळून ठेवताना रंगाची बाजू बाहेर राहू द्या, तडे कमी जातात.

सप्टेंबर म्हणजे पावसाळ्याचा शेवट, त्यामुळे मैदान पिवळं करू नका, हिरवट ठेवा. सॉ मिलमधला लाकडाचा भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवला की उत्तम गवत होतं. काथ्याच्या पायपुसण्याचे चौकोन कापले की उभ्या ज्वारीचे तुकडे दिसतात. बाभळीसाठी तार पिळून फांद्या करा आणि भांड्याच्या हिरव्या घासणीची पिंजण त्यावर चिकटवा.

नद्या निळ्या रंगवायचा मोह टाळा. आपल्या ओढ्या-नद्यांचं पावसाळी पाणी गढूळ तांबूस असतं. तोच रंग द्या आणि वरून चकचकीत वॉर्निशचे दोन हात. केळणेवर फक्त एका जागी उतार ठेवा, आग्नेय कोपऱ्याजवळ. बाकी ठिकाणी काठ उंच आहेत, तिथून तोफा आणि घोडे जाणार नाहीत, पायदळाला पूर्ण एक फेरी लागेल.

असई गाव हे मैदानातलं सगळ्यात महत्त्वाचं ठिकाण, त्यावर वेळ घाला. उत्तरेकडच्या जुई नदीच्या अलीकडच्या काठाला चिकटून, पूर्वेच्या कडेपासून तीन फुटांवर ते ठेवा. पुठ्ठ्याची माळवदाची घरं, सपाट धाबी, भोवती मातीची भिंत. भिंतीला पुठ्ठ्यावर फेविकॉल लावून चाळलेली पांढरी माती दाबून बसवली की खरीखुरी मातीची भिंत दिसते. घरांची छपरं सुटी ठेवा म्हणजे आत पलटण ठेवता येते. दिवाळीत किल्ले करणारी मुलं घरात असतील तर हे काम त्यांच्याकडे द्या. त्यांचा हात आपल्यापेक्षा चांगला चालतो.

सैनिक

धातूचे किंवा प्लास्टिकचे चांगले सैनिक बहुतेक परदेशातून मागवावे लागतात आणि टपालखर्च-कस्टम धरून महाग पडतात. पहिल्या डावासाठी त्यात पैसे घालू नका. जाड कागदावर छापलेल्या, दुमडून उभ्या राहणाऱ्या कागदी सैनिकांच्या पट्ट्या ४ इंच लांब, १ इंच रुंद पुठ्ठ्यावर चिकटवा. तेवढ्यावर पूर्ण लढाई होते. खेळ आवडला आणि गट टिकला की मग १५ मिलिमीटर उंचीचे सैनिक घ्या. ६ बाय ४च्या टेबलाला हे माप मला सगळ्यात योग्य वाटतं. २८ मिलिमीटरचे सैनिक देखणे असतात, पण या प्रमाणात त्यांची दाटी होते. गावात कुणाकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर असेल तर तोफा आणि बैल त्याच्याकडून काढून घ्या, हेच नग सहज मिळत नाहीत.

रंगवताना क्रम असा: प्रायमर, मग मूळ रंग सपाट, मग पाण्यासारखा पातळ तपकिरी रंग सगळीकडे सोडायचा म्हणजे खाचांत सावली बसते, आणि शेवटी उठावदार जागी फिकट रंगाचा कोरडा ब्रश. एवढ्यावर हाताच्या अंतरावरून पलटण जिवंत दिसते. डोळे, बटणं यांत गुंतू नका. आपल्याकडच्या हवेची मात्र काळजी घ्या. एप्रिल-मेच्या दुपारी स्प्रे प्रायमर मारला तर तो सैनिकावर पोचण्याआधीच हवेत वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत पुडीसारखा होतो. सकाळी सातच्या आत मारा, डबा सावलीत ठेवलेला असू द्या. पावसाळ्यात उलट दमटपणामुळे मॅट वॉर्निशवर पांढुरका धूर बसतो, तेव्हा वॉर्निश ब्रशने लावा.

इंग्रजी पलटणी लाल कोटांच्या. ७४ नंबरच्या हायलँडर (स्कॉटलंडच्या) पलटणीच्या कॉलर-बाह्या पांढऱ्या आणि ७८ नंबरच्या फिकट पिवळट, एवढा फरक ठेवला की त्या टेबलावर चटकन ओळखू येतात. मराठ्यांच्या तिन्ही कंपूंना वेगवेगळ्या रंगांची पागोटी द्या. खेळताना कोणती पलटण कुणाच्या हुकमात आहे हे लांबून कळलं पाहिजे.

लागणारी फौज अशी. इंग्रजांकडे हायलँडरांच्या दोन पलटणी (७४, ७८), मद्रास पायदळाच्या चार, पिकेटांची (पहाऱ्यावरच्या शिपायांची) एक लहान तुकडी, घोडदळाच्या चार (१९वे ड्रॅगून आणि तीन मद्रासी) आणि दोन तोफा. मराठ्यांकडे पायदळाच्या बारा पलटणी (पोहलमन सहा, सालूर तीन, द्युपाँ तीन), बारा तोफा आणि स्वारांच्या चार तुकड्या. मराठ्यांची टेबलावरची एक तोफ म्हणजे खऱ्या सुमारे आठ.

मांडणी

पहिल्या डावात पोहलमनची ओळ आधीच वळलेली धरा. असईपासून केळणेपर्यंत दहा पलटणी पूर्वेकडे तोंड करून, त्यांच्यापुढे दहा तोफा, आणि गावात दोन पलटणी व दोन तोफा. इंग्रज पूर्वेच्या कडेपासून फूटभर आत. पहिल्या रांगेत उजवीकडून पिकेट, मद्रासच्या दोन पलटणी आणि डाव्या टोकाला ७८. दुसऱ्या रांगेत उजवीकडे ७४ आणि पुढे मद्रासच्या दोन. तिसऱ्या रांगेत घोडदळ. दोन ओळींमधलं अंतर २४ इंच भरतं, म्हणजे पहिल्याच फेरीला गोळे पोचतात. प्रत्यक्षातही इंग्रज रांगा लावत असतानाच मार खात होते.

नियम, एका कागदावर मावतील एवढे

प्रत्येक फेरीत आधी इंग्रज, मग मराठे. आपल्या पाळीत हुकूम, हालचाल, गोळीबार, हातघाई, धीराची परीक्षा, या क्रमाने.

हालचाल: पायदळ आडव्या ओळीत ६ इंच, एकामागे एक लांबट रांगेत ९, घोडदळ १२, इंग्रजी तोफा ४. मराठी तोफा एकदा लावल्या की हलत नाहीत. पलटण जागच्या जागी वळवायची असेल तर त्या फेरीची पूर्ण चाल खर्च.

गोळीबार: पायदळ ३ इंचांच्या आत तीन फासे टाकतं, ५ किंवा ६ पडला की एक घाव. तोफ ८ इंचांच्या पुढे दोन फासे, फक्त ६ला घाव. ८ इंचांच्या आत छर्रा, तीन फासे, ५ आणि ६ला घाव. तोफेला समोरच्या तिरक्या कोनातलंच लक्ष्य घेता येतं. घाव झाला की पलटणीमागे एक मणी ठेवा. चार मणी झाले की पलटण मोडली, हायलँडरांची पाच झाल्यावर. पिकेट दोनातच मोडतात.

हातघाई: दोन्हीकडून दोन फासे, बेरीज करा. हायलँडर किंवा धावून आलेलं घोडदळ असेल तर २ अधिक, बगलेवरून हल्ला असेल तर आणखी २, अंगावरच्या प्रत्येक मण्याला १ वजा. हरणारा एक मणी घेऊन पूर्ण चाल मागे हटतो. फरक चार किंवा जास्त असेल तर दोन मणी.

धीराची परीक्षा मला या खेळातली सगळ्यात आवडती गोष्ट वाटते. ज्या पलटणीला त्या फेरीत घाव झाला तिने दोन फासे टाकायचे. बेरजेतून अंगावरचे मणी वजा करा, ५ किंवा जास्त उरले की ती टिकली, कमी उरले की मागे हटली. सहा इंचांत सेनापती असेल तर १ अधिक. दोन मणी असलेल्या पलटणीला म्हणजे ७ लागतात. दोन फाशांच्या ३६ जोड्यांपैकी २१ वेळा ते पडतात. सेनापती जवळ आला की ६ पुरतात आणि ३६ पैकी २६ वेळा ती टिकते. एका माणसाच्या जवळ असण्याने एवढा फरक पडतो, म्हणून खेळाडूला सारखं ठरवावं लागतं की मी आता कुठे उभा राहू. वेलस्लीच्या अंगाखालचे दोन घोडे त्या दिवशी जायबंदी झाले ते उगाच नाही. सेनापती ज्या पलटणीजवळ आहे तिचा एक मणी फेरीच्या शेवटी काढता येतो, पण त्याच पलटणीला घाव झाला तर एक फासा टाका, १ पडला की सेनापती एका फेरीपुरता बाद.

असईचे म्हणून तीन खास नियम आहेत. ते गाळले तर ही कुठलीही लढाई होईल.

पहिला, गोलंदाजांचा. इंग्रज तोफांवरून पुढे गेले तेव्हा मेल्यासारखे पडून राहिलेले मराठी गोलंदाज उठले आणि त्यांनी तोफा फिरवून पाठीमागून मारा केला. म्हणून काबीज झालेल्या प्रत्येक तोफेसाठी मराठी खेळाडू पुढच्या फेरीला एक फासा टाकतो. ५ किंवा ६ पडला की तोफ पुन्हा चालू, तोंड पश्चिमेकडे. इंग्रजाने तिथे एक तुकडी थांबवली असेल तरच हे टळतं. पुढे धावायचं की मागचं राखायचं, या पेचात इंग्रज खेळाडू शेवटपर्यंत राहतो.

दुसरा, स्वारांचा. मराठी घोडदळ टेबलाबाहेर असतं. चौथ्या फेरीपासून प्रत्येक तुकडीसाठी एक फासा, ५ किंवा ६ पडला की ती असईच्या पश्चिमेकडून येते. सगळं घोडदळ पहिल्यापासून दिलं तर इतिहास राहत नाही, आणि अजिबात दिलं नाही तर ७४ नंबरवर झालेला हल्ला टेबलावर येत नाही.

तिसरा, चिठ्ठीचा. पिकेटांचा आणि ७४ नंबरचा ताबा वेगळ्या खेळाडूकडे द्या. इंग्रज सेनापतीने त्याच्याशी बोलायचं नाही, दर फेरीला पाच शब्दांची एक चिठ्ठी फक्त. त्या दिवशी पिकेटांच्या लेफ्टनंट कर्नल ऑरॉकला उजवीकडे सरकून जागा करायला सांगितलं होतं, असईपासून मात्र लांब राहायचं होतं. तो सरकतच राहिला आणि थेट गावाच्या तोफांपुढे गेला. मागची ७४ त्याच्यामागोमाग गेली आणि कापली गेली. मॅक्सवेलच्या इंग्रजी घोडदळाने धाव घेतली म्हणून तिचे उरलेले लोक वाचले.

आमच्या गटात हा नियम पहिल्यांदा लावला तेव्हाचं सांगतो. पिकेट एका कॉलेजच्या मुलाकडे होते, पंच होते एक निवृत्त शिक्षक. चिठ्ठी आली: "उजवीकडे सरका, जागा द्या." मुलगा टेप हातात घेऊन थांबला.

"काका, उजवीकडे म्हणजे किती? गावाच्या जवळ जाऊ का?"

"मला नको विचारू बाळा. चिठ्ठीत काय लिहिलंय?"

"किती ते नाही लिहिलं."

"मग तुला जे वाटतं ते कर."

त्याने सहा इंच सरकवले. पुढच्या फेरीला चिठ्ठी आली, "तसंच पुढे", आणि त्याने आणखी सहा सरकवले. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सेनापती झालेले दादा ओठ घट्ट मिटून बघत होते, बोलायची सोय नव्हती. असईतल्या दोन तोफांनी छर्रा टाकला. सहा फाशांत चार घाव, दोन मण्यांतच मोडणारे पिकेट जागीच संपले. ऑरॉकबद्दल इतकी वर्षं पुस्तकांत वाचलेलं तेव्हा टेबलाभोवतीच्या सगळ्यांना कळलं. त्यात कुणाचा मूर्खपणा नव्हता, अपुरा हुकूम होता.

हारजीत कशी ठरवावी

बारा फेऱ्या खेळा, नवख्यांना चार तास लागतात. बाराव्या फेरीअखेर मराठ्यांच्या आठ तोफा इंग्रजांच्या ताब्यात असतील आणि असईत मराठ्यांची एकही पलटण उरली नसेल तर इंग्रज जिंकले. इंग्रजांच्या अकरा पलटणी-तुकड्यांपैकी पाच मोडल्या तर त्याच क्षणी मराठे जिंकले. पाचच का? खऱ्या लढाईत तिसरा हिस्सा माणूस पडला, म्हणजे अकरातल्या तीन-चार मोडणं हे इतिहासाला धरूनच झालं. त्याहून एक जास्त मोडली की वेलस्लीला माघार घ्यावी लागली असती, असं मी धरतो. असं मोजलं की मराठ्यांकडून खेळणाऱ्यालाही खरी संधी मिळते. 'शेवटी हरायचंच आहे' या भावनेने कुणी बसलं तर त्याच्यावर अन्याय होतो आणि त्या पलटणींवरही.

पहिला डाव झाला की आकडे आपल्या गटाला जुळवून घ्या. तोफा फार भारी पडल्या तर छर्ऱ्याचे फासे तीनवरून दोन करा. इंग्रज सहज जिंकत असतील तर मराठ्यांना स्वार ४ला आणू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला.

टेबलाभोवतीच्या रीती

नवीन माणूस आला तर त्याला पहिल्या दिवशी बघत बसवू नका, द्युपाँच्या तीन पलटणी हातात द्या. त्या केळणेच्या बाजूला असतात, सुरुवातीला जरा निवांत, आणि नियम हाताने शिकता येतात. दुसऱ्याचे सैनिक विचारल्याशिवाय उचलायचे नाहीत, उचलले तर पायाच्या पट्टीला धरून. भाल्याला, संगिनीला धरलं की रंग जातो. तिरका पडलेला किंवा टेबलाखाली गेलेला फासा परत टाकायचा. हलवण्याआधी मोजायला परवानगी आहे की नाही हे सुरुवातीलाच ठरवा. मी म्हणेन असू द्या, वाद निम्म्याने कमी होतात. नियमात एखादी गोष्ट सापडत नसेल तर दोन मिनिटं चर्चा, मग पंच सम-विषम फासा टाकेल आणि खेळ पुढे. वाचनालयाचा हॉल घेतला असेल तर उन्हाळ्यात सकाळी सातला सुरू करा, अकरानंतर पत्र्याखाली डोकं चालत नाही. वीज जाणारच हे धरून एक चार्जिंगचा दिवा जवळ असू द्या. कागदी सैनिक असतील तर पंखा मध्यम गतीवरच, नाहीतर पोहलमनचा कंपू आपोआप माघार घेतो.

डाव संपल्यावर लगेच आवराआवर करू नका. टेबल तसंच ठेवून अर्धा तास बोला. प्रत्येकाने एवढंच सांगायचं की कोणत्या फेरीला काय दिसत होतं आणि काय ठरवलं. मग खरी लढाई पंचाने वाचून दाखवायची. हा अर्धा तास आमच्या गटात कुणीही चुकवत नाही. आणि शक्य झालं तर एखाद्या सप्टेंबरात सगळे मिळून असईला जाऊन या. केळणेच्या काठावर उभं राहून समोरच्या तीरावरचं गाव पाहिलं की उताराचा तो अंदाज कसा सुचला असेल ते कळतं.

असई तीन-चार वेळा बाजू बदलून खेळून झाली की पुढचा डाव राक्षसभुवनचा घ्या. १० ऑगस्ट १७६३, बीड जिल्ह्यात गोदावरीचा काठ. निजाम अलीच्या फौजेचा एक भाग नदीपलीकडे गेला होता, दिवाण विठ्ठल सुंदर उरलेली फौज घेऊन अलीकडे होता आणि गोदावरीला पूर आला होता. माधवराव पेशवे आणि राघोबादादांनी ती संधी साधली, विठ्ठल सुंदर पडला. टेबलाच्या एका लांब बाजूला ८ इंच रुंद गोदावरी ठेवा. निजामाची अर्धी फौज पलीकडच्या काठावर मांडा आणि दर फेरीला एक फासा टाका: ६ पडला तरच त्या फेरीत एक तुकडी नावेने अलीकडे येते. राघोबादादांचा हत्ती शत्रूच्या गराड्यात सापडला होता, तेव्हा तो हत्ती वेगळा नग म्हणून ठेवा, आणि त्याला सोडवायला माधवरावांनी किती स्वार पाठवायचे हे त्या खेळाडूलाच ठरवू द्या. नियमांचा कागद तोच चालतो, तोफा फक्त कमी करा आणि घोडदळ वाढवा.